मार्च १९७७ चा कौल आणि त्याचा ताळेबंद

२५ जून १९७५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी केली, तेव्हा केंद्रीय मंत्रिमंडळाला त्याची वार्ताही नव्हती. मंत्र्यांना दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे बोलावून घेण्यात आले आणि झाल्या गोष्टीवर मान डोलावण्यापलीकडे त्यांना काही कर्तव्य उरले नाही. ही आणीबाणी उठली ती २१ मार्च १९७७ रोजी. या वेळी मात्र मंत्रिमंडळाची बैठक रीतसर भरली. तोवर रायबरेलीत राजनारायण यांनी श्रीमती इंदिरा गांधी यांचा ५५ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला होता आणि सत्ता हातची गेल्याचे स्पष्ट झाले होते. पराभूत मंत्रिमंडळाने जाता जाता आणीबाणी मागे घेण्याची शिफारस केली. त्यात औदार्य किती आणि ते अमर्याद अधिकार प्रतिपक्षाच्या हाती पडू नयेत ही खबरदारी किती, हा प्रश्न अलाहिदा.

त्या निवडणुकीत काँग्रेसच्या जागा ३५२ वरून १५४ वर आल्या. उत्तर प्रदेशातील ८५ आणि बिहारमधील ५४ जागांपैकी एकही तिला मिळाली नाही. जनता पक्ष व त्याचे सहकारी यांना मिळून तीनशेच्या आसपास जागा मिळाल्या आणि २४ मार्चला मोरारजी देसाई यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. हा कौल साऱ्या देशाने एकमुखाने दिला असे मात्र म्हणता येत नाही. आंध्रात ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकल्या, कर्नाटकात २८ पैकी २६. महाराष्ट्रात ४८ पैकी २० जागा तिच्याकडे राहिल्या. नसबंदीचा वरवंटा जिथे सर्वांत जोराने फिरला तिथे मतदार उलटला, हे या आकड्यांत दिसते. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. उत्तरेत प्राथमिक शिक्षकांना माणसे हजर करण्याचे ठरावीक उद्दिष्ट देण्यात आले होते आणि ते पुरे न करणाऱ्यांचे पगार अडवून ठेवले जात. वर्गावर मुलांना नागरिकशास्त्र शिकवायचे आणि शाळा सुटल्यावर शस्त्रक्रियेसाठी गिऱ्हाईक शोधत हिंडायचे, असे ते दिवस होते.

हे सरकार सव्वादोन वर्षे टिकले. जुलै १९७९ मध्ये यशवंतराव चव्हाणांनी आणलेला अविश्वासाचा ठराव, मोरारजीभाईंचा राजीनामा, लोकसभेला एकदाही सामोरे न जाता संपलेले चौधरी चरणसिंगांचे पंतप्रधानपद, ही सारी कहाणी सर्वश्रुत आहे. जानेवारी १९८० मध्ये श्रीमती गांधी ३५३ जागा घेऊन परत आल्या. त्यामुळे १९७७ च्या कौलाविषयी दोन टोकांची मते रूढ झाली. एका मताप्रमाणे ते दुसरे स्वातंत्र्य होते. दुसऱ्या मताप्रमाणे ती तीस महिन्यांची गंमत होती. सरकारची कामगिरी त्याच्या आयुर्मर्यादेवरून मोजली की दुसरे मत बरोबर वाटू लागते. पण त्या सरकारने राज्यघटनेत काय लिहून ठेवले आणि त्यातले आज काय चालू आहे, हे पाहिले तर हिशेब वेगळा निघतो.

लिहून ठेवलेले

आणीबाणीत एक लाखाहून अधिक माणसे स्थानबद्धतेत होती. त्यांनी न्यायालयात दाद मागावी की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. नऊ उच्च न्यायालयांनी दाद मागता येते असे म्हटले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने ते निर्णय फिरवले. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारले होते की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरापोटी कोणाचा जीव घेतला तर त्यावर इलाज कोणता? आणीबाणी चालू असेतोवर कोणताच नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. खन्ना यांनी एकट्यांनी भिन्नमत नोंदवले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्यायमूर्ती बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला.

१९७८ ची चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती वाचताना हे सारे डोळ्यांपुढे ठेवावे लागते. तिचे एकेक कलम म्हणजे त्या एकवीस महिन्यांतल्या एकेका घटनेला दिलेले उत्तर आहे. पूर्वी ‘अंतर्गत अशांतता’ एवढ्या मोघम कारणावर आणीबाणी पुकारता येत असे. त्याऐवजी ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द आले. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याखेरीज राष्ट्रपतींनी जाहीरनामा काढू नये, असे बंधन आले. संसदेच्या मंजुरीची मुदत दोन महिन्यांवरून एक महिन्यावर आणली गेली, साध्या बहुमताऐवजी दोन तृतीयांश मतांची अट घातली गेली आणि दर सहा महिन्यांनी ही मंजुरी नव्याने घेणे आवश्यक ठरले. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी मागणी केल्यास आणीबाणी उठवण्याचा विचार करण्यासाठी खास बैठक बोलवावी लागेल, अशी तरतूद झाली. आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित होणार नाही, हे स्पष्ट शब्दांत नमूद झाले. निरेन डे यांचे उत्तर त्यानंतर कोणत्याही सरकारी वकिलाला देता येणार नव्हते.

हे सारे एका पक्षाच्या बळावर झालेले नाही, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. लोकसभा बदलली तरी राज्यसभा एका रात्रीत बदलत नाही. तिथे काँग्रेसचेच बहुमत होते आणि तिने या विधेयकातली काही कलमे गाळायला लावली. राज्यघटनेच्या मूलभूत गाभ्याला हात घालायचा तर जनमत घ्यावे, ही तरतूद त्यात गेली. सरकारने जे मिळाले ते पदरात पाडून घेतले. असा सौदा त्या वेळी अनेकांना कमीपणाचा वाटला. तथापि ज्या पक्षाच्या कारभारावर ही दुरुस्ती म्हणजे ठपकाच होता, त्या पक्षाच्या सदस्यांनीही तिला मते दिली आणि म्हणूनच १९८० नंतर ती पुसण्याची भाषा कोणी केली नाही. १९८८ मध्ये राजीव गांधी यांच्या सरकारने एकोणसाठाव्या घटनादुरुस्तीने पंजाबपुरती ‘अंतर्गत अशांतता’ पुन्हा आत आणली आणि तिथे जीविताचा हक्कही निलंबित करण्याची मुभा घेतली, पण त्या तरतुदीचा वापर कधी झाला नाही. पुढच्या निवडणुकीनंतर विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारने ती रद्द केली.

राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवावा, हा अधिकारही चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीचाच. तो बरीच वर्षे कागदावर पडून होता. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लादण्याची गुजराल मंत्रिमंडळाची शिफारस के. आर. नारायणन यांनी याच अधिकारात परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने तो विचार सोडून दिला.

मात्र घटना दुरुस्त करणाऱ्या या सरकारला हाती आलेल्या जुन्या हत्यारांचा मोह आवरला नाही. एप्रिल १९७७ मध्ये काँग्रेसची सत्ता असलेल्या नऊ राज्यांच्या विधानसभा त्याने बरखास्त केल्या. कारण काय, तर लोकसभेच्या निकालावरून तिथल्या जनतेचा काँग्रेसवर विश्वास उरला नसल्याचे दिसते! कार्यकारी राष्ट्रपती बा. दा. जत्ती यांनी थोडी का-कू केली, सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला आडकाठी केली नाही आणि पायंडा पडला. तीन वर्षांनी श्रीमती गांधींनी हेच कारण देऊन नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त केल्या, तेव्हा जनता पक्षाच्या नेत्यांना तक्रार करायला तोंड उरले नव्हते.

याउलट वागणूक सरन्यायाधीशांच्या नेमणुकीत दिसली. फेब्रुवारी १९७८ मध्ये ज्येष्ठतेने पाळी येत होती ती पुण्याच्या यशवंतराव चंद्रचूड यांची. १९७६ च्या त्या निकालात ते बहुमताच्या बाजूने होते. मुंबईतील काही नामवंत वकिलांनी त्यांच्या नेमणुकीला जाहीर विरोध केला. ज्यांना त्या निकालामुळे तुरुंगात राहावे लागले तेच आता मंत्री होते. त्यांना सूड घेता आला असता. पण ज्येष्ठता डावलणे हे मागच्या सरकारचे पाप असेल तर ते आपण करू नये, असा निर्णय झाला आणि चंद्रचूड सरन्यायाधीश झाले. १९७६ चा तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने विधिवत खोडून काढला ऑगस्ट २०१७ मध्ये, आणि तसे लिहिणाऱ्या न्यायमूर्तींत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

सामान्य चाकरमान्याच्या आठवणीत मात्र यातले फारसे काही राहिले नाही. आणीबाणीत चार टक्क्यांवर आणलेला किमान बोनस पुन्हा ८.३३ टक्के झाला, हे त्याला आठवते. आणि रेल्वेमंत्री मधु दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी बसवली, हे तर त्या डब्यातून रात्र काढलेला कोणीही विसरणार नाही. पुढच्या कोणत्याही रेल्वेमंत्र्याला ती गादी काढून घेण्याची छाती झाली नाही.

तारापूरचे इंधन

परराष्ट्र धोरणात काय बदलले, याचा विचार केला तर चित्र बरेच निराळे दिसते. नव्या सरकारने ‘खऱ्याखुऱ्या’ अलिप्ततेची घोषणा केली. म्हणजे आधीची अलिप्तता रशियाकडे झुकलेली होती, असा त्याचा अर्थ. सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको एप्रिल १९७७ मध्येच दिल्लीत दाखल झाले, ऑक्टोबरात मोरारजीभाई मॉस्कोला जाऊन आले आणि १९७१ चा मैत्रीकरार होता तसाच राहिला. शस्त्रे रशियन, सुटे भाग रशियन, उत्तर सीमेवर चीन. मतपेटीतून कोणीही निघाले तरी या तीन गोष्टी तशाच राहणार होत्या. इस्राएलशी पूर्ण संबंध जोडा, ही जनसंघाची वर्षानुवर्षांची मागणी. त्या पक्षाचे अटलबिहारी वाजपेयी परराष्ट्रमंत्री झाले आणि इस्राएलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान ऑगस्ट १९७७ मध्ये गुप्तपणे दिल्लीत येऊनही गेले. ते रिक्त हस्ते परतले. १९७३ च्या तेलसंकटाची झळ ताजी होती आणि तेल अरबांकडून येत होते. ते संबंध जुळले जानेवारी १९९२ मध्ये, काँग्रेसचे नरसिंह राव पंतप्रधान असताना.

तारापूरची कथा अधिक बोलकी आहे. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील या अणुवीजकेंद्राला समृद्ध युरेनियम अमेरिकेने पुरवायचे, असा करार १९६३ मध्ये झाला होता आणि १९६९ पासून तिथली वीज महाराष्ट्राला व गुजरातला मिळू लागली होती. मे १९७४ मध्ये पोखरणला स्फोट झाल्यावर अमेरिकेत कुरकुर सुरू झाली. १९७६ च्या निवडणुकीत तिथे कार्टर निवडून आले. अण्वस्त्रप्रसाराला आळा घालणे हा त्यांच्या प्रचारातला एक मुद्दा होता. जानेवारी १९७८ मध्ये ते दिल्लीत आले. लोकशाहीच्या पुनरागमनाचे त्यांनी तोंड भरून कौतुक केले आणि त्याच भेटीत मोरारजीभाईंना एक थंड व रोखठोक पत्र लिहावे लागेल असे आपल्या परराष्ट्रमंत्र्यांच्या कानात सांगितले. ध्वनिक्षेपक चालू राहिल्याने ते साऱ्या जगाला ऐकू गेले. दोनच महिन्यांत अमेरिकेत कायदा झाला की, ज्या देशाची सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत त्याला इंधन मिळणार नाही. दूरच्या देशातल्या मतदाराने दिलेला कौल पालघरच्या किनाऱ्यावरच्या अणुभट्टीपर्यंत पोचतो तो असा.

मोरारजीभाई अणुबॉम्बचे कट्टर विरोधक. भारत स्फोट करणार नाही, असे ते जाहीरपणे सांगत. अमेरिकेला वाटले, हा माणूस तपासणीला कबूल होईल. त्यांनी साफ नकार दिला. ज्यांच्याकडे बॉम्ब आहेत त्यांची तपासणी नाही आणि ज्याच्याकडे नाहीत त्याची मात्र व्हावी, हा न्याय त्यांना मान्य नव्हता. श्रीमती गांधींची भूमिकाही याहून वेगळी नव्हती. १९८० मध्ये सिनेटने अवघ्या दोन मतांच्या फरकाने इंधनाची एक खेप सोडली, पुढे तेही थांबले आणि १९८२ मध्ये फ्रान्सने ती जबाबदारी उचलली. दोन्ही देशांत सत्तांतरे झाली, पण दिल्लीची भूमिका जिथे होती तिथेच राहिली.

शेजारी

फरक पडला तो शेजाऱ्यांशी वागण्यात. गंगेवरचे फरक्का धरण १९७५ मध्ये सुरू झाले होते. कलकत्ता बंदरातला गाळ वाहून जावा म्हणून हुगळीत पाणी सोडायचे, हा त्याचा हेतू. पण उन्हाळ्यात नदीत पाणीच कमी असते आणि भारताने घेतलेला प्रत्येक थेंब बांगलादेशाच्या वाट्यातून जातो. १९७६ मध्ये बांगलादेशाने ही तक्रार संयुक्त राष्ट्रसंघात नेली. नवे सरकार आल्यावर महिन्याभरातच संरक्षणमंत्री जगजीवनराम ढाक्याला गेले आणि ५ नोव्हेंबर १९७७ रोजी पाच वर्षांचा करार झाला. एप्रिलच्या शेवटच्या दहा दिवसांत, म्हणजे पाणी सर्वांत कमी असताना, बांगलादेशाला ३४,५०० क्यूसेक आणि भारताला २०,५०० क्यूसेक, अशी वाटणी ठरली. प्रवाह फारच घटला तरी बांगलादेशाला त्याच्या हिश्शाच्या ८० टक्के पाणी मिळेल, अशी हमीही होती. कलकत्त्यात यावर कडाडून टीका झाली. १९८२ मध्ये मुदत संपली तेव्हा श्रीमती गांधींच्या सरकारने नव्या समझोत्यातून ही हमी वगळली. एका कलमाचे येणे आणि जाणे हे दोन निवडणुकांचे फलित होते, आणि त्याचा परिणाम पद्मेच्या काठच्या शेतकऱ्याला भोगावा लागला, ज्याला त्या निवडणुकांत मत नव्हते.

पाकिस्तानच्या बाबतीतही असेच घडले. ज्या पक्षाची ख्याती पाकिस्तानविरोधासाठी होती त्याचे वाजपेयी फेब्रुवारी १९७८ मध्ये इस्लामाबादला गेले आणि एप्रिलमध्ये चिनाबवरील सलाल प्रकल्पाचा करार झाला. नेपाळला व्यापार व वाहतूक यांसाठी हवे असलेले दोन स्वतंत्र करार त्याच वर्षी मिळाले. कडव्या पक्षाच्या माणसाला तडजोड करणे सोपे जाते, कारण त्याला देशद्रोही म्हणायला मागे कोणी उरलेले नसते! फेब्रुवारी १९७९ मधली चीनभेट मात्र फसली. वाजपेयी चीनमध्ये असतानाच चिनी सैन्य व्हिएतनाममध्ये घुसले आणि त्यांना दौरा आटोपता घ्यावा लागला.

निवडणुकीच्या निकालाने जागतिक व्यासपीठावरचे शब्द किती झटपट बदलतात, याचे उदाहरण १९८० च्या जानेवारीत मिळाले. डिसेंबर १९७९ च्या अखेरीस रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. काळजीवाहू पंतप्रधान चरणसिंग यांनी सोव्हिएत राजदूताला बोलावून नापसंती कळवली. पुढच्याच आठवड्यात मतदान झाले. ११ जानेवारीला, म्हणजे श्रीमती गांधींचा शपथविधी व्हायच्या तीन दिवस आधी, भारताच्या प्रतिनिधीने संयुक्त राष्ट्रसंघात निवेदन केले ते त्यांच्या सूचनेबरहुकूम. अफगाण सरकारच्या विनंतीवरूनच फौजा गेल्या, या रशियाच्या खुलाशावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही, असा त्याचा सूर होता. फौजा काढून घ्याव्यात या ठरावाला १०४ देशांनी मते दिली, भारत तटस्थ राहिला. तिसऱ्या जगातील अनेक मित्रांना हे रुचले नाही.

राहिलेली तारीख

असे शब्द एका निवेदनाने येतात आणि दुसऱ्या निवेदनाने जातात. घटनेत लिहिलेले इतक्या सहजी जात नाही. पण लिहिलेले सगळे अमलात येतेच असेही नाही. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीचे तिसरे कलम स्थानबद्धतेविषयी होते. विनाचौकशी डांबलेल्या माणसाचे प्रकरण सल्लागार मंडळापुढे नेण्याची मुदत त्याने तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणली. शिवाय हे मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीनेच नेमावे, त्याचा अध्यक्ष पदावर असलेला न्यायाधीश असावा, असे बंधन घातले. म्हणजे डांबणारे सरकार आणि तपासणारे मंडळ यांत काही अंतर राहावे. मिसाखाली तुरुंगात गेलेल्या खासदारांना याचे महत्त्व वेगळे पटवून देण्याची गरज नव्हती.

परंतु दुरुस्तीची वेगवेगळी कलमे केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवील त्या तारखांना अमलात येतील, असे त्याच कायद्यात म्हटले होते. जून १९७९ मध्ये बहुतेक कलमांना तारीख मिळाली, तिसऱ्याला मिळाली नाही. महिन्याभरात ते सरकार पडले. ऑक्टोबरात चरणसिंगांच्या सरकारने काळाबाजार रोखण्याच्या नावाखाली स्थानबद्धतेचा नवा वटहुकूम काढला. १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला आणि त्याखाली स्थानबद्ध झालेले धनबादचे खासदार ए. के. रॉय सर्वोच्च न्यायालयात गेले. संसदेने मंजूर केलेली आणि राष्ट्रपतींनी स्वाक्षरी केलेली दुरुस्ती सरकार अमलात का आणत नाही, असा त्यांचा प्रश्न होता. १९८१ मध्ये न्यायालयाने सांगितले की, तारीख ठरवण्याचा अधिकार संसदेने सरकारला दिला आहे. न्यायालय त्याला भाग पाडू शकत नाही. निकालपत्र सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचे होते.

त्यानंतर काँग्रेसची सरकारे आली आणि गेली, जनता दलाचे आले, आणीबाणीत स्वतः स्थानबद्ध असलेले वाजपेयी १९९८ ते २००४ सलग सहा वर्षे पंतप्रधान होते. राज्यघटनेच्या छापील प्रतीत बाविसाव्या अनुच्छेदाखाली आजही तळटीप आहे: ही दुरुस्ती अधिसूचनेद्वारे ठरवण्यात येईल त्या तारखेपासून अमलात येईल.